सव्वा महिन्याचा केर

ठण्ण आवाज झाला आणि सगळ्यांचे मिटलेले डोळे उघडले.

आमच्या समोरच्या खोलीत त्या दुपारी चाळीसेक माणसं बसली होती. मोरेश्वर महाराजांनी सांगितलं होतं, "आता कोणी खोकायचंही नाही, चौकट बोलणार आहे," म्हणून पंखासुद्धा बंद केला होता. तेवढ्यात माझ्या स्नेहाच्या हातातून वाटी सुटली, फरशीवर आपटली आणि गरगरत भिंतीपाशी जाऊन थांबली. दूधपोहे सांडले. सहा वर्षांची पोर माझी, आणि तिला वाटी धरवत नव्हती.

"पाहा," महाराज हसून म्हणाले, "देवानं आपला घास आपल्या हातानं खाली उतरवून घेतला."

चाळीस माणसांनी सांडलेल्या पोह्यांना हात जोडले. मी पुसायला फडकं शोधायला उठले.

भिंतीवर महाराजांच्या गुरूंचा फोटो होता. त्याची चौकट साधीच, सरकत्या खिडक्यांना असते तसल्या पांढऱ्या अॅल्युमिनियमची. त्या चौकटीच्या कडेवर राख उगवत होती. खोटं सांगत नाही, उगवतच होती. आधी एक पांढरा केस दिसायचा, मग केसांचा झुबका, मग पिसासारखं काहीतरी बोटभर वाढून आपल्याच भारानं गळायचं. खाली टोपलं ठेवलेलं. पहिल्या दिवशी मीही तोंडावर हात धरून पाहतच राहिले होते.

"यंत्र नाही, तंत्र नाही, बॅटरी नाही, वायर नाही," महाराजांचं सुरू झालं. "मागून पाहा, पुढून पाहा. दहा डिग्र्यावाल्यांना बोलवा. राख चुलीतून येते, सारी दुनिया जाणते. माझ्या गुरूची राख कुठून येते? विचारू नका. विचारलं की आटते."

बोलता बोलता त्यांनी झोळीतून लहान बाटली काढली, हातावर रबरी मोजा चढवला, कापसाचा बोळा भिजवून चौकट पुसली. दर आठव्या दिवशी ते असं 'बळ भरायला' येत. मोजा कशाला, असं कोणी तरी एकदा विचारलं होतं. "शक्ती सहन झाली पाहिजे ना बाप्पा," असं उत्तर मिळालं. बोळा फोटोच्या मागे खोचला आणि ते पुढच्या घरी गेले. बोरगावच्या पलीकडच्या आमच्या लहानशा गावात अशा अकरा चौकटी होत्या.

आमच्या घरी चौकट आली ती स्नेहासाठीच. पावसाळ्यात तिला तीनदा ताप आला. सासूबाईंनी, मी त्यांना मामी म्हणते, जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नारळ फोडला, सौंसरच्या दवाखान्यातून औषध आणलं, आणि तरी मनाला समाधान नाही म्हणून चौकटीसाठी नाव दिलं. नातीवर जीव आहे त्यांचा. रोज रात्री तिला कुशीत त्याच घेतात.

महाराजांचा नियम एकच होता. सव्वा महिना घरातला केर उंबऱ्याबाहेर टाकायचा नाही. खोली झाडायची, राख आणि केर एकत्र टोपल्यात भरायचा, आणि सकाळ-संध्याकाळ लेकरांच्या जिभेवर चिमूटभर ठेवायचा. हा नियम कोणाला खटकला नाही. आपल्याकडे दिवे लागल्यावर काढलेला केर बाहेर टाकत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणून सकाळपर्यंत कोपऱ्यात लोटून ठेवतात. महाराजांनी ती एक रात्र फक्त सव्वा महिन्याची केली.

पहिले काही दिवस चिमूट मीच देत होते, पुढे कधी मी, कधी मामी. मामींनी हाक मारली की टोपल्यापाशी जायचं, चिमूट घ्यायची, "आ कर" म्हणायचं. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलेली बाई मी. वाद नको म्हणून दिली, एवढंच माझं कारण.

दोन आठवड्यांनी स्नेहा बदलायला लागली. जेवण सुटलं. घामानं फ्रॉक ओला व्हायचा, थंडीच्या दिवसांत. कोणी हात लावला तरी रडायची. एवढी गोष्टीवेल्हाळ पोर, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग तिचे तळहात आणि तळपाय लाल झाले. गुलाबी, चकचकीत लाल, आणि कडेनं कातडी सुटायला लागली.

मामींनी ते तळवे पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पूनम, पाह्य व, पावलं कशी कुंकवात बुडवल्यावानी."

महाराजांनी निकाल दिला, देवी उतरली.

त्या दिवसापासून बाया माझ्या लेकीच्या पाया पडायला येऊ लागल्या. ती खाजेनं पाय घासायची आणि त्या म्हणायच्या, देवी नाचते. ती रडायची आणि त्या म्हणायच्या, देवीला राग आला, नारळ आणा. मी तिला आत घेऊन दार लावलं तर समोरच्या घरातली कुसुम दाराबाहेरून म्हणाली, "देवी काय तुह्या एकटीची आहे का व? काऊन लपवून राह्यली?"

नितीनशी, माझ्या नवऱ्याशी बोलले. संत्र्याचा हंगाम, त्याचा टेम्पो पांढुर्ण्याच्या मंडीत रोज दोन फेऱ्या करत होता. अंगणात टायर धूत होता तो.

"तिला नागपूरला दाखवू," मी म्हटलं.

"दाखवू ना. सव्वा महिना होऊ दे. नऊच दिवस राह्यले."

"ती वाटी धरत नाही, नितीन."

"तू कायले टेंशन घेऊन राह्यली? लोकं पाया पडून राह्यले पोरीच्या, मारून तं नाही राह्यले." मग पाण्याचा पाइप खाली ठेवून हळूच म्हणाला, "माय ऐकत नाही अन् तू ऐकत नाही. मी कोणाचं ऐकू?"

वाटी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी गौतम सर आले. शाळेत वरच्या वर्गांना विज्ञान शिकवतात. पहिलीतली स्नेहा बारा दिवस आली नाही म्हणून विचारायला आले होते. तिचे हात त्यांनी उलटसुलट करून पाहिले. मग चौकटीजवळ गेले आणि बोटाच्या पाठीनं तिला हलकेच स्पर्श केला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"मंग?" मामी म्हणाल्या. "देव जित्ता आहे. मुर्दा थंड असते, मास्तर."

"बाटलीतून काय लावतात, मावशी?"

"विचारू नका. विचारलं का आटते."

सर हसले नाहीत. बाहेर येऊन मला विचारलं, "तो बोळा मिळेल?" मी फोटोमागून बोळा काढला, त्यांनी सांगितलं तसा हाताला पिशवी गुंडाळून. मग त्यांनी अॅल्युमिनियमची एखादी वस्तू मागितली. मी पोळ्यांच्या जुन्या डब्याचं झाकण दिलं. अंगणात वाऱ्याच्या बाजूला बसून त्यांनी झाकण चाकूनं थोडं खरवडलं, त्यावर बोळा फिरवला आणि ते दगडावर ठेवून आम्ही लांब उभे राहिलो. मामी मुद्दाम बाहेर आल्या, मास्तरची फजिती पाहायला.

दहा मिनिटांत झाकणाला पांढऱ्या मिशा फुटल्या.

मला वाटलं, संपलं. माझी पोर सुटली. मी मामींकडे वळले. मामींनी पदर डोक्यावर घेतला होता. त्या झाकणापुढे गुडघ्यांवर बसल्या, कपाळ जमिनीला टेकवलं आणि म्हणाल्या, "माह्या पोयीच्या डब्यात आला रे बाप्पा तू."

सरांचं तोंड उघडं राहिलं ते मिटेना. पाच वाजेपर्यंत आमच्या अंगणात झाकण पाहायला रांग लागली होती.

त्या संध्याकाळी मी मोरीत नळ सोडून रडले. खोटं उघडं पडलं की माणसं सोडून देतात, असं मला वाटत होतं. इथं तर खोट्याला आणखी एक भांडं मिळालं होतं.

सर जाताना मला एवढंच म्हणाले होते, "हे पाऱ्याचं आहे. पोरीला उद्याच हलवा. चिमूट बंद करा आणि तिला त्या खोलीत झोपवू नका." चिमूट मी बंद केली. मामी देत असतील का, हे मला कळायला मार्ग नव्हता. उद्याच हलवणं माझ्या हातात नव्हतं. आमच्याकडे गाडी नितीनची, होकार मामींचा.

दुसऱ्या दिवशी झाकणाची बातमी ऐकून महाराज स्वतः धावत आले. आठवा दिवस नव्हता तरी आले. नव्या देवावर दुसऱ्याचं नाव लागायच्या आत त्यांना पोचायचं होतं. खोली पुन्हा भरली. स्नेहाला त्यांनी मधोमध पाटावर बसवलं. ती घामानं भिजली होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी दोन बायांच्या मागे उभी होते, पुढे जाता येत नव्हतं.

"माझ्या गुरूंची शक्ती," महाराज गरजले, "आता भिंतीवर मावत नाही. ती भांड्यांत उतरून राहिली. आज झाकणात आली, उद्या पातेल्यात येईल. ज्या घरात देवी बसली, त्या घरातली कोणतीही वस्तू आता देव आहे."

दाराशी गौतम सर उभे होते. हातात काचेची बरणी, तिला घट्ट झाकण. "कोणतीही?" त्यांनी विचारलं.

"कोणतीही, मास्तर. डोळे असतील तर पाहा."

"पाहतो ना." सरांनी बरणी पाटासमोर ठेवली. आत एक लांबट वस्तू होती, पांढऱ्या पिसांनी भरलेली, राख अजून गळत होती. "ही ह्याच घरातली. सकाळी पूनमताईंना विचारून नेली."

माणसं पुढे सरकली. हात जोडले गेले. मामींनी तर बरणीला डोकं टेकवलं आणि मग विचारलं, "काय आहे हे, पूनम?"

मी उत्तर दिलं. "आपल्या संडासाच्या दाराची कडी, मामी."

मागे बसलेले म्हातारे तुळशीरामबुवा आधी खोकल्यासारखं काही करून पाहत होते, मग त्यांना हसू आवरेना. "मंग आता रोज सकाळी दर्शनालेच जाऊन राह्यलो म्हना ना आपण." एक हसला, दुसरा हसला. जोडलेले हात सुटले, ते कुठे ठेवावेत हे कोणाला कळेना.

"शांत बसा," महाराज म्हणाले. "देव कुठेही असतो."

"मग करा नमस्कार," तुळशीरामबुवा म्हणाले. "तुम्ही आधी."

महाराजांचा हात उठला नाही.

मग सर बोलले, वर्गात बोलतात तसे. अॅल्युमिनियमला गंज चढत नाही असं आपल्याला वाटतं, पण चढतो. हवा लागताच त्यावर पातळ पापुद्रा धरतो आणि तोच पापुद्रा आतल्या धातूला सांभाळतो. पाऱ्याचा क्षार चोळला की तो पापुद्रा नीट धरतच नाही. मग हवा आणि ओल धातूला खात सुटतात, धातू गरम होतो आणि त्याचा गंज पांढऱ्या पिसांसारखा बाहेर येतो. "तुम्ही ज्याला विभूती म्हणता तो गंज आहे. चौकटीचा असो, झाकणाचा असो नाही तर कडीचा. नुसता गंज असता तर मी हसून घरी गेलो असतो. पण त्यात पारा आहे. तो राखेतून खाली पडतो, केरात मिसळतो, हवेत उडतो. आणि ह्यांनी तुम्हाला तो केर घराबाहेर टाकू दिला नाही, उलट लेकरांना चारायला लावला."

"खोटं," महाराज म्हणाले.

"असेल. हे टोपलं आहे. एक चिमूट तुम्ही घ्या."

"देणारा खात नसतो."

"बाटली तरी उघड्या हातावर ओता. मोजा काढून."

महाराजांनी बाटली झोळीत टाकली, झोळी खांद्यावर टाकली आणि विज्ञानवाल्यांच्या अहंकाराबद्दल काहीबाही बोलत चपला शोधू लागले. घाईत कोणाच्या तरी घालून गेले.

मी बायांना बाजूला सारून स्नेहाला पाटावरून उचललं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. मामी मध्ये आल्या नाहीत. नितीन दारात उभा होता, त्याच्या हातात टेम्पोची किल्ली होती.

नागपूरला लेकरांच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली. अहवाल आला तेव्हा आमच्यासमोर त्यांनी तो दोनदा वाचला. पारा होता. लाल तळवे, घाम, चिडचिड, हातातून वाटी सुटणं, सगळं त्याचंच. देवी म्हणून बाया ज्याच्या पाया पडत होत्या ते विषाचं लक्षण होतं.

"आम्हाला तर काही झालं नाही," नितीन म्हणाला. "खोली तं एकच होती."

"मोठी माणसं खोलीत ये-जा करतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लेकरू खोलीत जमिनीवर राहतं. तिथं बसतं, लोळतं, तोच हात तोंडात घालतं. तिचं वजन सोळा किलो, तुमचं सत्तर. आणि तिचा मेंदू अजून घडतो आहे." मग त्यांनी आणखी प्रश्न विचारले. घराला जुना रंग आहे का, पोपडे पडतात का. शेत आहे का. दीड एकर पऱ्हाटी आहे, कापूस, मी सांगितलं. फवारणीचे कपडे कुठे टांगता? दाराच्या आतल्या खुंटीला, मी सांगितलं. त्या लिहीत गेल्या. मला वाटत होतं, विष एका बाटलीतून आलं. ते कुठून कुठून येत असतं, ते त्या कागदावर दिसत होतं.

औषध सुरू झालं. पूर्ण बरी होईल का, असं मी विचारलं. "लवकर आणलंत, हे चांगलं झालं," त्या म्हणाल्या. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं.

चौकीत आम्ही तक्रार दिली, तोवर महाराज गावात नव्हते. पांढुर्ण्याकडच्या कोणत्या तरी खेड्यात चौकट बसल्याचं कानावर येतं, नाव कोणी नीट सांगत नाही. आमच्या अकरा घरांपैकी सात घरांनी चौकटी काढल्या. चार घरांत अजून आहेत. त्यांतलं एक कुसुमचं. तिचा अंकुश दीड वर्षाचा आहे, रांगत रांगत टोपल्यापर्यंत जातो. मी तीनदा गेले.

"तुह्या घरचा देव रुसला म्हणून माह्या घरचा काढू का?" ती म्हणाली.

"अंकुशचे हात तरी पाहत जा, कुसुम. लाल झाले तर लगेच सांग."

"झाले तं पहिले पेढे वाटीन." आणि दार लावून घेतलं. गौतम सर गेले तर त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. दाराच्या फटीतून मला अंकुशचा आवाज ऐकू येत होता, हसण्याचा.

हे मी ज्या आयांसाठी लिहिते आहे त्यांना हात जोडून सांगते. राख आपोआप येत नाही. जो म्हणतो विचारू नका, त्यालाच आधी विचारा, बाटलीत काय आहे आणि तुम्ही हातात मोजा का घालता. लेकराच्या अंगावर काही उमटलं तर त्याला पाटावर बसवू नका, दवाखान्यात न्या. घरातला केर घरात साठवू नका. कोरड्या झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. फवारणीचे कपडे बाहेर टांगा. लेकराचे हात जेवणाआधी धुवा. यातलं काहीही कठीण नाही. कठीण आहे ते सासूसमोर, नवऱ्यासमोर, चाळीस माणसांसमोर 'नाही' म्हणणं. मला ते एकोणतीस दिवस जमलं नाही. तुम्ही इतके दिवस लावू नका.

आता रोज दुपारी आम्ही समोरची खोली पुसतो. फरशांच्या सांध्यांत अजून पांढरं काही दिसतं. मामी एका कोपऱ्यातून सुरुवात करतात, मी दुसऱ्या. फडकी पिशवीत बांधून ठेवतो. ती पिशवी कुठे द्यायची हे विचारायला नितीन दोन कचेऱ्यांत जाऊन आला, तिथं कोणाला माहीत नव्हतं. एकदा मामी फरशी घासता घासता म्हणाल्या, "म्या चारलं तिले."

"मीही चारलं, मामी."

मामींनी फडकं पिळलं आणि पुढची फरशी घेतली.

आज स्नेहा दारातल्या खाटेवर बसून आम्हाला पाहत होती. तिच्या तळहातांची कातडी गेली आहे, खालून नवी आली आहे, पातळ. तिनं अर्धी पोळी खाल्ली होती. मी शेवटची सांध पुसली, फडकं पिळलं, हात धुतले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं खोलीकडे पाहिलं, मग फ्रॉक वर करून आपल्या पोटावर हात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "माझ्या आतली खोली पुसून झाली का?"